मिश्रणाचं मॉडेल कॅलिब्रेशनला चोख, नव्या नमुन्यावर चुकीचं: दोष नेमका कुठे शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. दोन-तीन पदार्थांच्या मिश्रणाचे स्पेक्ट्रा (तरंगलांबीनुसार प्रकाशाच्या नोंदी) घेतले, ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवर, म्हणजे कॅलिब्रेशनवर, स्पेक्ट्रमवरून प्रमाण काढणारं पीएलएस मॉडेल बसवलं, जुळणी सांगणारा आर-वर्ग ०.९९ च्या वर आला, क्रॉस व्हॅलिडेशनचे (नमुने आळीपाळीने बाहेर ठेवून घेतलेल्या तपासणीचे) ठिपकेही रेषेला धरून बसले. मग नवे नमुने आले आणि आकडे भरकटले. कधी सगळेच्या सगळे वर, कधी काही बरोबर आणि काही भलतेच. अशा वेळी बहुतेक जण स्लोप आणि बायसची दुरुस्ती (उत्तराला एका ठरावीक आकड्याने गुणणं आणि एक ठरावीक आकडा वजा करणं) लावून मोकळे होतात. थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तोच प्रकार.

ही दुरुस्ती करूच नये असं नाही, पण तिची जागा सगळ्यात शेवटी आहे. बायस का आला हे कळायच्या आत तो वजा केला, तर कारण सांगणारी खूणच पुसली जाते. दुसरी घाई प्रीप्रोसेसिंगची, म्हणजे मॉडेलला देण्याआधी स्पेक्ट्रा गणिताने साफ करण्याची. एसएनव्ही काढून एमएससी लावा (दोन्ही प्रकाश विखुरण्याचा परिणाम काढायच्या पद्धती), पहिल्याऐवजी दुसरं डेरिव्हेटिव्ह (स्पेक्ट्रमच्या बदलाचा दर) घ्या, ते ज्या शेजारच्या बिंदूंवरून काढतात ती खिडकी लहान-मोठी करा, असं करत राहिलं की आकडा कधी ना कधी खाली येतोच. पण तेव्हा आपण हातातल्या नमुन्यांपुरती जुळणारी सेटिंग शोधलेली असते. पुढच्या नमुन्यांना तिचा उपयोग नसतो.

आधी विचारा: हा स्पेक्ट्रम मॉडेलच्या ओळखीचा आहे का?

चुकलेल्या नमुन्याचे दोन आकडे काढा. पहिला हॉटेलिंगचा टी-वर्ग. मॉडेलने शिकलेल्या दिशांमध्येच हा नमुना मध्यापासून किती लांब आहे, हे तो सांगतो. दुसरा क्यू-रेसिड्युअल, म्हणजे स्पेक्ट्रमचा जो भाग मॉडेलला त्याच्या फॅक्टरांमधून (शिकलेल्या त्या दिशांमधून) उभाच करता आला नाही, त्याच्या वर्गांची बेरीज. बहुतेक सॉफ्टवेअर हे दोन्ही आकडे देतात, आणि बहुतेक लोक ते पान उघडतच नाहीत. माझ्या मते अर्धं निदान तिथेच होतं.

टी-वर्ग मोठा आणि क्यू लहान असेल, तर स्पेक्ट्रमचा आकार ओळखीचा आहे, फक्त प्रमाण कॅलिब्रेशनच्या पल्ल्याबाहेर गेलंय. नमुना पातळ करून किंवा कमी प्रकाशमार्गाची सेल (नमुना ठेवायची पारदर्शक डबी) घेऊन पुन्हा मोजा. हा प्रश्न इथेच सुटतो.

क्यू मोठा असेल, तर कॅलिब्रेशनच्या वेळी नव्हतं असं काहीतरी स्पेक्ट्रममध्ये आलंय. ते काय आहे हे शोधता येतं, आणि खाली त्यावरच सविस्तर लिहिलंय. दोन्ही आकडे शांत असूनही उत्तर चूक असेल, तर मात्र सावध व्हा. तो दोष उपकरणात शोधून सापडणार नाही. तो बहुधा कॅलिब्रेशनच्या नमुन्यांतच पेरलेला असतो.

क्यू वाढलाय: रेसिड्युअलचा आकार वाचा

नुसता आकडा पाहून थांबू नका. रेसिड्युअल, म्हणजे तो उरलेला भाग, तरंगलांबीसमोर आलेखावर काढा आणि त्याच आलेखावर मूळ स्पेक्ट्रम ठेवा. कारणाप्रमाणे या रेषेचा आकार बदलतो, आणि थोड्या सरावाने तो वाचता येतो.

रेषा सपाट वर-खाली सरकलेली किंवा एका बाजूला हळूहळू कललेली दिसली, तर ते शोषण नाही, प्रकाशाचं विखुरणं आहे. द्रावणात गढूळपणा, बुडबुडा, सेलच्या भिंतीवर बोटाचा ठसा. पावडर असेल तर कणांचा आकार किंवा दाबून भरण्यातला फरक. इथे एसएनव्ही किंवा डेरिव्हेटिव्ह कामाला येतं. डेरिव्हेटिव्ह काढायला साविट्स्की आणि गोले यांची १९६४ ची पद्धत आजही पहिली पसंती आहे. फक्त खिडकीची रुंदी पट्ट्याच्या (स्पेक्ट्रममधल्या एका उंचवट्याच्या) रुंदीशी ताडून घ्या. खिडकी फार लहान ठेवली तर दुसरं डेरिव्हेटिव्ह नॉइजच (संकेतातली खरखर) फुगवतं, फार मोठी ठेवली तर शेजारचे दोन पट्टे एक होऊन जातात. एसएनव्हीबद्दल एक इशारा: ते प्रत्येक स्पेक्ट्रमला त्याच्याच सरासरीने आणि प्रमाण विचलनाने सारखं करतं. त्यामुळे मुख्य पदार्थाचं प्रमाण खूप बदलत असेल, तर त्याचा बदल बाकीच्या सगळ्या तरंगलांबींवर वाटला जातो आणि न बदललेला पदार्थही बदलल्यासारखा दिसतो. स्वच्छ, पारदर्शक द्रावणात प्रकाशमार्ग ठरलेला असताना एसएनव्ही लावायचं कारणच नाही.

पट्ट्याच्या एका कडेला वर आणि दुसऱ्या कडेला खाली, मधे शून्य, असा आकार दिसला तर पट्टा सरकलाय. ही खूण फार बोलकी आहे. पट्ट्याच्या उतारावर शोषण दर नॅनोमीटरला ०.०२ ने बदलत असेल आणि तरंगलांबी अर्धा नॅनोमीटर सरकली, तर तिथे ०.०१ चा फरक पडतो. उपकरणाचा नॉइज ०.००१ असेल तर हा फरक त्याच्या दहापट झाला. डोळ्याला दोन्ही स्पेक्ट्रा एकच वाटतात, मॉडेलला वाटत नाहीत.

आता पट्टा उपकरणामुळे सरकला की नमुन्यामुळे, हे वेगळं करायचं. होल्मियम ऑक्साइडचा फिल्टर किंवा द्रावण लावून बघा. त्याचे अरुंद पट्टे ठरलेल्या जागी असतात, त्यांतले ३६१ आणि ५३६ नॅनोमीटरच्या आसपासचे रोजच्या तपासणीला सोयीचे. रामनसाठी (विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या स्पेक्ट्रमसाठी) सिलिकॉनची ५२०.५ प्रति सेंटिमीटरजवळची रेषा वापरतात, अवरक्तासाठी पॉलिस्टायरीनची पातळ फिल्म. मानक सरकलेलं दिसलं तर दोष उपकरणाचा. मानक जागेवर आहे आणि फक्त नमुन्यातले ठरावीक पट्टे सरकलेत, तर तापमान, आम्लता किंवा द्रावक बदललाय.

जवळच्या अवरक्तात पाण्याचे नमुने असतील तर तापमानावर पहिला संशय घ्या. पाण्याचे ठळक पट्टे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास असतात. तापमान वाढलं की हायड्रोजन बंध सैल पडतात आणि १४५० चा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो. विरघळलेल्या पदार्थाचा संकेत पाण्याच्या मानाने इवलासा असतो, त्यामुळे एक-दोन अंशांचा फरकही त्याला झाकून टाकू शकतो. सकाळचे नमुने बरोबर आणि दुपारचे चूक अशी तक्रार असेल, तर आधी सेलच्या आतलं तापमान मोजा. खोलीतल्या तापमापकावर विसंबू नका.

मॉडेलच्या कुठल्याच पदार्थाच्या जागी नसलेला एखादा स्वच्छ नवा पट्टा रेसिड्युअलमध्ये उभा राहिला, तर मिश्रणात अनोळखी पदार्थ आलाय. अशा नमुन्याचा आकडा देऊच नये. तो पट्टा कुठे आहे हे टिपून ठेवा, पदार्थ ओळखायला तीच पहिली पायरी आहे. रामनमध्ये मात्र एक-दोन पिक्सेल रुंदीचा सुईसारखा उंच टोक दिसला, तर घाबरू नका. तो डिटेक्टरवर आदळलेला वैश्विक किरण असतो. लगेच दुसऱ्यांदा मोजलं की तो त्या जागी दिसत नाही. कॅलिब्रेशनच्या स्पेक्ट्रात असे टोक राहून गेले, तर पीसीए (पीएलएससारखंच फॅक्टर काढणारं गणित) एकेका टोकासाठी अख्खा फॅक्टर खर्च करतं, म्हणून ते आधीच काढून टाका.

आणि पट्ट्याच्या ऐन माथ्यावरच रेसिड्युअल खाली खचलेलं दिसलं, तर शोषण जास्त झालंय. हे जरा हिशेबाने बघू. शोषण १ म्हणजे १० टक्के प्रकाश पार जातो, २ म्हणजे १ टक्का, ३ म्हणजे ०.१ टक्का. उपकरणात भटका प्रकाश ०.१ टक्का असेल, तर शोषण ३ असलेल्या नमुन्यात डिटेक्टरवर खरा प्रकाश जेवढा पडतो, तेवढाच भटकाही पडतो. उपकरण ३ ऐवजी सुमारे २.७ दाखवतं. शोषण २ ला हीच चूक होऊन १.९६ दिसतं, आणि १ च्या खाली ती जवळपास नाहीशी होते. बिअर-लॅम्बर्टचा नियम (शोषण प्रमाणाच्या पटीत वाढतं) इथे मोडलेला नसतो, आपण चुकीचा प्रकाश मोजत असतो. पीएलएस ही वक्रता जास्तीचे फॅक्टर घेऊन थोडीफार सांभाळून घेतं, पण दुसऱ्या उपकरणावर भटका प्रकाश वेगळा असतो आणि मॉडेल तिथे कोसळतं. सगळ्यात उंच पट्टा १ ते १.५ च्या आत ठेवा. तसं जमत नसेल तर तो माथा मॉडेलमधून वगळा आणि कडेच्या तरंगलांबी वापरा. अतिनीलमध्ये काम असेल तर सेल क्वार्ट्झचीच आहे ना, तेही बघून घ्या. साध्या काचेवर ३४० नॅनोमीटरच्या खाली भरवसा ठेवू नये.

रेषा नुसतीच खरखरीत झाली असेल तर दिवा म्हातारा झालाय किंवा तापलेला नाही. दिवा लावून अर्धा तास थांबा, डार्क (प्रकाश बंद ठेवून) आणि ब्लँक (पदार्थाशिवाय) ही मोजमापं नव्याने घ्या.

क्यू शांत, टी-वर्ग शांत, तरीही उत्तर चूक

वारंवार येणाऱ्या तक्रारींमध्ये हाच भाग सगळ्यात कमी तपासला जातो.

समजा, अ आणि ब या दोन पदार्थांचं एकच मूळ द्रावण केलं: अ लिटरला १० मिलिग्रॅम, ब ५ मिलिग्रॅम. ते पातळ करत करत कॅलिब्रेशनचे सगळे नमुने बनवले. काम झटपट होतं आणि आलेख सुरेख येतो. पण प्रत्येक नमुन्यात अ आणि ब यांचं प्रमाण २:१ च आहे. अ वाढला की ब वाढतो, एकदाही अपवाद नाही. मॉडेलला या दोघांना वेगळं ओळखायची गरजच पडली नाही. ते एकूण शोषण मोजतं आणि त्याचा दोन तृतीयांश भाग अ च्या नावावर, एक तृतीयांश ब च्या नावावर टाकतं.

आता खरा नमुना येतो, त्यात अ ४ आणि ब ६. दोघांचे स्पेक्ट्रा जवळजवळ एकावर एक बसणारे असतील, तर मॉडेल अ साठी साधारण ६.७ आणि ब साठी ३.३ सांगेल. बेरीज १० बरोबर आहे, वाटणी साफ चुकलीय. स्पेक्ट्रममधला फरक बारीक असल्यामुळे क्यूही नॉइजमध्येच बुडून राहतो. आर-वर्ग ०.९९९ होता, आणि तो खराच होता.

हे पकडायला एक सोपी चाचणी आहे. एखाद्या नमुन्यात फक्त अ ची ठरलेली भर घाला, समजा लिटरला २ मिलिग्रॅम. भर टाकायचं द्रावण तीव्र आणि आकारमान अगदी कमी ठेवा, म्हणजे नमुना पातळ होणार नाही. चांगल्या मॉडेलमध्ये अ २ ने वाढतो आणि ब हलत नाही. वरच्या मॉडेलमध्ये अ १.३ ने वाढेल आणि न घातलेला ब ०.७ ने. मग हेच ब घालून करा. कुठलंही मॉडेल कामाला लावायच्या आधी ही चाचणी व्हायलाच हवी, इतकी ती मोलाची आहे.

उपाय एकच, नमुने नव्याने आखणं. पदार्थांची प्रमाणं एकमेकांपासून सुटी बदलली पाहिजेत, दर दोन पदार्थांमधलं सहसंबंध गुणांक शून्याजवळ आला पाहिजे. पाच पातळ्या आणि २५ मिश्रणं अशी आखणी यासाठी प्रचलित आहे. घन मिश्रणात वेगळी अडचण येते. टक्केवारीची बेरीज १०० असते, त्यामुळे दोनच पदार्थ असतील तर एक वाढला की दुसरा कमी होणारच, सहसंबंध बरोबर उणे १. खऱ्या नमुन्यांत तिसरा काही घटक असेल तर त्याचंही प्रमाण कॅलिब्रेशनमध्ये मुद्दाम बदलतं ठेवा.

पदार्थांसारखाच वेळही गुपचूप जोडला जातो. नमुने कमी प्रमाणाकडून जास्तीकडे अशा क्रमाने मोजले आणि तेवढ्यात दिवा हळूहळू तापत होता, तर मॉडेल दिव्याचं तापणंही प्रमाण म्हणून शिकतं. मोजण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा यादृच्छिक ठेवा. जुन्या मॉडेलवर संशय असेल, तर चूक खऱ्या प्रमाणासमोर न काढता मोजण्याच्या क्रमासमोर काढून बघा. रेषा चढती किंवा उतरती दिसली की झालं.

संदर्भाचे आकडेही तपासा. ज्या पद्धतीने खरी प्रमाणं ठरवली, तिची स्वतःची चूक ०.३ असेल, तर मॉडेलची दिसणारी चूक त्याहून फारशी कमी येणारच नाही. काही नमुने ओळख न सांगता संदर्भ पद्धतीकडे परत पाठवा. दोष तिथेच निघण्याचे प्रसंगही असतात.

व्हॅलिडेशन इतकं चांगलं का आलं होतं

कारण बहुतेक वेळा ते खऱ्या अर्थाने परीक्षा घेतच नव्हतं. एका नमुन्याचे तीन स्पेक्ट्रा घेतले आणि त्यातले दोन शिकवायला, एक तपासायला गेला, तर मॉडेलने उत्तर आधीच पाहिलेलं असतं. एका नमुन्याची सगळी मोजमापं एकाच गटात ठेवा. अधिक चांगलं म्हणजे एका दिवसाची, एका बॅचची सगळी मोजमापं एकत्र बाहेर काढून तपासा. केनर्ड आणि स्टोन यांच्या १९६९ च्या पद्धतीने नमुने वाटले तर टोकाचे नमुने कॅलिब्रेशनकडे जातात आणि तपासणीला मधले, सोपे उरतात. कॅलिब्रेशनचे नमुने निवडायला ती पद्धत छान, पण तिच्या तपासणीचा आकडा गोड वाटणारच.

तरंगलांबींची निवड सगळा डेटा बघून केली आणि क्रॉस व्हॅलिडेशन नंतर केलं, तर तोही आकडा फसवा. निवडीची पायरी प्रत्येक फेरीत नव्याने झाली पाहिजे. खात्री करायची असेल तर प्रमाणांचे आकडे नमुन्यांमध्ये उलटसुलट करून, निवडीसकट तेच सगळं पुन्हा चालवा. तरीही बरं मॉडेल बसत असेल, तर तुमची पद्धत नॉइजमधूनही मॉडेल काढू शकते.

फॅक्टर किती घ्यावेत, याला एक ढोबळ अंदाज: एकमेकांपासून सुटे बदलणारे पदार्थ जितके, त्याहून एक-दोन जास्त. तीन पदार्थांना नऊ फॅक्टर लागत असतील, तर कारण मागा. रिग्रेशन व्हेक्टर (मॉडेलने प्रत्येक तरंगलांबीला दिलेलं वजन) आलेखावर काढा. पट्ट्यांच्या जागी गुळगुळीत चढउतार दिसायला हवेत, करवतीचे दाते दिसले तर फॅक्टर कमी करा.

प्रमाण नाही, ओळख चुकत असेल तर

लायब्ररीशी (ज्ञात पदार्थांच्या स्पेक्ट्रांच्या संग्रहाशी) ताडून पाहणारी सॉफ्टवेअर नेहमी पहिला क्रमांक कुणाला तरी देतातच. जुळणीचा गुणांक ०.९५ आला म्हणजे पदार्थ तोच, असं नाही. दोन्ही स्पेक्ट्रांत सारखीच उतरती बेसलाइन किंवा फ्लुरोसन्सचा फुगवटा असेल, तर केवळ त्याच्या जोरावर गुणांक चढतो. आधी बेसलाइन काढा किंवा पहिलं डेरिव्हेटिव्ह घ्या आणि मग ताडा. मिश्रणात तर एकेका शुद्ध पदार्थाशी तुलना करणंच अपुरं आहे. संभाव्य पदार्थांचे शुद्ध स्पेक्ट्रा घेऊन, प्रमाण ऋण येणार नाही अशी अट घालून, मिश्रण त्यांच्या बेरजेतून उभं करा आणि उरलेलं रेसिड्युअल वर सांगितल्याप्रमाणे वाचा.

पीएलएस-डीए (पीएलएसने नमुन्याचा वर्ग ठरवणारी पद्धत) वापरत असाल तर त्याला ‘यांपैकी कोणीच नाही’ असं उत्तर देता येत नाही, ही त्याची मोठी मर्यादा आहे. अनोळखी पदार्थ येण्याची शक्यता असेल तिथे स्वांते वोल्ड यांनी १९७६ मध्ये मांडलेलं सिम्का जास्त प्रामाणिक आहे, कारण ते प्रत्येक वर्गाचं वेगळं मॉडेल बांधतं आणि कुठेच न बसणारा नमुना बाहेर ठेवतं. एमसीआर-एएलएसने (मिश्रणांच्या स्पेक्ट्रांतूनच शुद्ध स्पेक्ट्रा आणि प्रमाणं काढणाऱ्या पद्धतीने) मिश्रण सोडवताना लक्षात असू द्या की तितकंच चांगलं जुळणारी उत्तरं अनेक निघू शकतात. किमान एक शुद्ध स्पेक्ट्रम किंवा एखाद्या नमुन्यातलं ज्ञात प्रमाण अट म्हणून दिल्याशिवाय निघालेल्या आकारांना पदार्थांची नावं देऊ नका.

मग दुरुस्ती कोणती

तापमान, बॅच, कणांचा आकार यांसारखी कारणं कायम राहणार असतील, तर ती कॅलिब्रेशनमध्येच आणा. तीन-चार वेगळ्या तापमानांना मोजलेले नमुने मॉडेलमध्ये घातले की फॅक्टर एखादा वाढतो, चूक किंचित वाढलेली दिसते, पण मॉडेल टिकतं. गणिती भरपाईपेक्षा मला हा मार्ग नेहमीच जास्त भरवशाचा वाटतो. उपकरण बदललं असेल तर १९९१ पासून वापरात असलेलं पीसवाइज डायरेक्ट स्टँडर्डायझेशन (एका उपकरणाचे स्पेक्ट्रा दुसऱ्यासारखे करून घेणं) करा. त्यासाठी तेच न बिघडणारे नमुने दोन्ही उपकरणांवर मोजावे लागतात, म्हणून ते आधीच बाजूला काढून ठेवलेले हवेत. स्लोप-बायस लावायची वेळ येते ती रेसिड्युअल स्वच्छ आहे, भर घालण्याची चाचणी पार झालीय आणि चूक सगळ्या नमुन्यांत एकसारखी आहे, तेव्हाच.

यापुढे रोज एक टिकाऊ तपासणी-नमुना मोजा आणि त्याच्या उत्तरासोबत क्यूचाही आलेख ठेवा. दिवा, आरसा किंवा तरंगलांबी बिघडायला लागली की अनेकदा क्यू आधी चढतो, उत्तर नंतर हलतं. कच्चे स्पेक्ट्रा डार्क, ब्लँक, सेलचं तापमान आणि मोजल्याची वेळ यांच्यासकट साठवा. प्रीप्रोसेसिंग केलेलेच ठेवले आणि कच्चे पुसले, तर पुढच्या वेळी वरच्यातली एकही तपासणी करता येणार नाही.